गंडाचे मूळगाव

मराठी घरात काही कल्पना पाहुण्यासारख्या येतात आणि पुढे घरजावई होऊन बसतात. ‘न्यूनगंड’ हा असाच एक घरजावई. दहावीतला मुलगा पाहुण्यांसमोर बोलेनासा झाला की आई म्हणते, “त्याला न्यूनगंड आहे हो!” बढती हुकलेल्या कारकुनाला तो असतो, लग्न लांबलेल्या मुलीला असतो, आणि खेड्यातून शहरात दिलेल्या सुनेला तर तो जणू रुखवतातच मिळालेला असतो. शेजारी जरा ताठ मानेने चालू लागला की त्याला झालेला असतो ‘अहंगंड’. एकूण काय, गंडावाचून माणूस म्हणून राहिलेला नाही.

शब्द मोठा चपखल आहे. गंड म्हणजे गाठ, सूज. गंडमाळेत तो पूर्वीपासून होताच. त्याच्या शेजारीच ‘गंडा’ राहतो. आजीच्या काळी पोर सारखे रडू लागले की त्याच्या दंडाला गंडा बांधीत; आता पोर गप्प राहू लागले की त्याच्या कपाळी गंड चिकटवतात. दोन्ही उपायांत घरच्यांना एक समाधान सारखेच लाभते. काहीतरी केल्यासारखे वाटते आणि पुढे विचारपूस करण्याची गरज उरत नाही.

शब्दाचा पोशाख संस्कृत असला तरी त्याचे मूळगाव व्हिएन्ना. नवा माणूस भेटला की आपण त्याला नाव विचारतो, आडनाव विचारतो आणि लगेच म्हणतो, “मूळचे कुठले आपण?” सिद्धान्ताला मात्र हा प्रश्न विचारायचे आपण विसरतो. माणसाच्या स्वभावाविषयीचे हे सिद्धान्त कोणत्या गावात, कोणत्या साली, कोणाच्या घरात जन्मले, हे विचारले तर पुष्कळ गमती कळतात. आणि काही गोष्टी अशाही कळतात, की ज्या गमतीच्या मुळीच नाहीत.

न्यूनगंडाचा जनक आल्फ्रेड ॲडलर. १८७० साली व्हिएन्नाच्या कडेच्या वस्तीत एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरी तो जन्मला. लहानपणी मुडदूस झालेला. थोरला भाऊ अंगणात धावतो आहे आणि हा बाकावर बसून पाहतो आहे, हे त्याचे बालपण. पुढे न्युमोनियाने असा आजारी पडला की डॉक्टरांनी आशा सोडली. तो जगला आणि स्वतःच डॉक्टर झाला. १८९८ साली त्याने छोटेसे पुस्तक लिहिले, तेही मनाबद्दल नव्हते. शिंपीकाम करणाऱ्यांच्या आरोग्याबद्दल होते. अंधाऱ्या कोंदट खोलीत तासन्‌तास वाकून शिवण करणाऱ्या माणसाची छाती का बिघडते, डोळे का जातात, हे तो लिहीत होता. शरीरातले उणेपण भरून काढण्यासाठी माणूस कशी धडपड करतो, हा त्याचा सिद्धान्त या दोन अनुभवांतून उगवला: स्वतःचे दुबळे पाय आणि शिंप्याची वाकलेली पाठ.

म्हणूनच ॲडलरचा उपायही एकट्या माणसावरचा नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नाचा कारभार समाजवाद्यांच्या हाती आला. नगरपालिकेने कामगारांसाठी घरे बांधली. त्याच काळात ॲडलर आणि त्याचे सहकारी शाळाशाळांतून मुलांसाठी सल्लाकेंद्रे चालवीत. तिथे मूल, आईबाप आणि शिक्षक अशी सगळीच मंडळी समोर बसत. १९३४ साली समाजवादी चळवळ चिरडली गेली आणि ही केंद्रेही बंद पडली. आपण मराठीत न्यूनगंड आणला खरा, पण शब्द तेवढा आणला. शिंपी तिथेच राहिला, ती अंधारी खोली तिथेच राहिली, आणि समोर बसणारे आईबापही तिथेच राहिले.

आता ॲडलरचा ज्याच्याशी १९११ साली काडीमोड झाला, त्या सिग्मंड फ्रॉइडच्या घरी जाऊ. १८५६ साली मोराव्हियातल्या फ्रायबर्ग नावाच्या लहान गावात, एका कुलूपवाल्याच्या घरातल्या भाड्याच्या खोलीत तो जन्मला. वडील याकोब लोकरीचे व्यापारी, वय चाळीस. आई अमालिया विशीतली. वडिलांना आधीच्या लग्नाचे दोन मुलगे, तेही जवळजवळ या नव्या आईच्याच वयाचे. थोरल्या सावत्र भावाचा मुलगा सिग्मंडपेक्षा वर्षाने मोठा. म्हणजे काका धाकटा आणि पुतण्या थोरला! खानदेशातल्या कोणत्याही खटल्याच्या घरात हे नाते ऐकून कोणी भुवई उंचावणार नाही. पण त्या लहान मुलाच्या मनात केवढा गोंधळ असेल! आई भावांच्या वयाची, वडील आजोबांच्या वयाचे. तर मग या घरात कोण कोणाचा? बापाच्या जागेविषयी आणि आईच्या मालकीविषयी ज्याने पुढे जन्मभर विचार केला, त्याला पहिला धडा घरातच मिळाला होता.

दुसरा धडा रस्त्यावर मिळाला. सिग्मंड चार वर्षांचा असताना कुटुंब व्हिएन्नात आले. तो दहाबारा वर्षांचा झाल्यावर वडील त्याला फिरायला नेत आणि जुन्या गोष्टी सांगत. एकदा त्यांनी सांगितले, की तरुणपणी नवी फरची टोपी घालून ते चालले होते. एका ख्रिस्ती माणसाने ती उडवून चिखलात टाकली आणि ‘ज्यू, रस्त्यावरून खाली उतर’ असे तो ओरडला. मुलाने विचारले, “मग तुम्ही काय केलेत?” वडील शांतपणे म्हणाले, “खाली उतरलो आणि टोपी उचलली.” आपल्याकडे पगडीचा मान ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या मुलाच्या काळजाचे काय झाले असेल ते सांगायला नको. ही हकीकत फ्रॉइडने स्वतःच्या स्वप्नांवरच्या ग्रंथात लिहून ठेवली आहे. त्या ग्रंथावर साल १९०० असले तरी तो १८९९ च्या नोव्हेंबरात बाहेर पडला. सहाशे प्रती छापल्या होत्या. त्या खपायला आठ वर्षे लागली.

वडील १८९६ च्या ऑक्टोबरात वारले. पुढच्याच वर्षी ज्यूद्वेषाच्या जोरावर मते मिळवणारा कार्ल ल्यूगर व्हिएन्नाचा महापौर झाला. १८६७ साली ज्यूंना नागरिक म्हणून समान हक्क मिळाले होते आणि आता सगळे सुरळीत होईल, अशी एका पिढीची आशा होती. ती मावळू लागली. त्याच १८९७ च्या ऑक्टोबरात फ्रॉइडने मित्राला कळवले, की आईविषयीची ओढ आणि बापाविषयीचा मत्सर मला माझ्यातच सापडला आणि तो सर्वांच्याच बालपणी असावा. इडिपस गंडाची ही जन्मपत्रिका. नुकताच वारलेला बाप, चिखलातली टोपी आणि बाहेर मिटत चाललेली दारे यांच्या मध्ये हा सिद्धान्त जन्मला. काही इतिहासकार म्हणतात, की व्हिएन्नातल्या सुशिक्षित ज्यूंना राजकारणाची वाट बंद होत गेली, तशी त्यांची नजर आत वळली. मला हे म्हणणे पटते. आणि ते पटण्याचे कारण व्हिएन्नात नाही, पुण्यामुंबईत आहे.

फ्रॉइडने १८८६ च्या एप्रिलात दवाखाना उघडला. तेव्हा मुंबईच्या हायकोर्टात एक खटला गाजत होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार दिला होता. १८८७ च्या मार्चमध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला, की नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. शेवटी १८८८ साली तडजोड झाली. पुढे त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि त्यांनी सुरतेत वर्षानुवर्षे बायकांचे दवाखान्याचे काम केले. आमच्या शिंदखेड्याहून पश्चिमेकडे जाणाऱ्या गाडीचे ते शेवटचे मोठे गाव.

व्हिएन्नातही अशीच एक मुलगी होती. बेर्टा पापेनहाइम तिचे नाव. वैद्यकाच्या पुस्तकात ती ‘आना ओ.’ या टोपणनावाने वावरते. श्रीमंत, कर्मठ ज्यू घराणे. धाकटा भाऊ विद्यापीठात गेला, हिची शाळा सोळाव्या वर्षी संपली. मग विणकाम, पियानो आणि स्थळाची वाट. १८८० साली वडील आजारी पडले, रात्रीच्या रात्री तिने उशाशी बसून काढल्या, आणि तिचा हात लुळा पडला. स्वतःची जर्मन भाषा ती विसरली. फक्त इंग्रजी बोलू लागली. डॉक्टर ब्रॉयर रोज येऊन तिचे बोलणे ऐकत बसत. बोलले की तिला हलके वाटे. त्याला ती ‘बोलण्याचा उपाय’ म्हणे. गमतीत असली की ‘धुरांडे झाडणे’ म्हणे. सगळे मनोविश्लेषण या मुलीच्या धुरांड्यातून बाहेर पडले, असे म्हटले तरी चालेल.

आपल्या खेड्यापाड्यांतली सून वर्षभर मान खाली घालून वावरते आणि उत्सवाच्या दिवशी अंगात आले की सासूला एकेरीत हाक मारून मनातले सगळे बोलते. तेव्हा सासू तिच्या पाया पडते! हेही एक धुरांडे झाडणेच. दुखणे एकच, गावे दोन. मग दोन्हीकडे त्याचा अर्थ काय लावला गेला?

व्हिएन्नाने ते दुखणे त्या मुलीच्या मनात शोधले. तिच्या आठवणी, तिची स्वप्ने, तिच्या दडपलेल्या इच्छा. महाराष्ट्राने ते घरात आणि कायद्यात शोधले. १८८८ साली आगरकरांचा ‘सुधारक’ निघाला, १८९० पासून हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली, १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. हरिभाऊंची यमू स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगते आणि ती वाचताना कोणालाही यमूची तपासणी करावीशी वाटत नाही. तिच्या घराची करावीशी वाटते. गंमत अशी, की १८९५ साली ब्रॉयरबरोबर लिहिलेल्या ग्रंथात फ्रॉइडने खंत बोलून दाखवली आहे, की आपली रुग्णांची टिपणे गोष्टींसारखी वाटतात. इकडे कादंबरीकार रोगाचे निदान करीत होता आणि तिकडे डॉक्टर गोष्ट सांगत होता!

या फरकाचे कारण मला इतिहासात दिसते. ज्या शहरात बाहेरचे जग बदलण्याची आशा मावळत होती, तिथे माणसाचे मन उकलण्याचे शास्त्र निघाले. ज्या प्रांतात बाहेरचे जग बदलेल अशी आशा नुकती उगवत होती, तिथे सुधारणेची चळवळ निघाली. दोघांनीही काही मिळवले आणि दोघांच्याही हातून काही निसटले. आमचे सुधारक मुलीला वाचवायला धावले, पण तिला काय हवे आहे, तिला कसली स्वप्ने पडतात, हे क्वचितच विचारले गेले. व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी ते विचारले. पण तिची शाळा कोणी बंद केली, हे विचारायला ते विसरले. ब्रॉयरने तिच्या तल्लख बुद्धीची आणि कंटाळवाण्या दिनक्रमाची नोंद केली, पण उपाय त्या दिनक्रमावर केला नाही.

त्याची किंमत लहान नव्हती. पुस्तकात आना ओ. बरी झालेली दिसते. प्रत्यक्षात पुढची काही वर्षे तिला पुन्हा पुन्हा रुग्णालयात राहावे लागले, हे फार नंतर उजेडात आले. ती खरी सावरली ती कामाने. फ्रांकफुर्टला जाऊन ती अनाथ मुलींचे पाहू लागली आणि १९०४ साली तिने ज्यू स्त्रियांची संघटना उभारली. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की फ्रॉइड आधी मानीत असे, की लहानपणी जवळच्याच माणसांनी केलेल्या अतिप्रसंगांनी हे आजार होतात. १८९७ च्या सप्टेंबरात त्याने ही समजूत सोडली; पुष्कळ हकिकती मनातल्या कल्पना असाव्यात, असे तो मानू लागला. त्या सुशिक्षित, प्रतिष्ठित घरांत असे कितीसे घडणार, ही शंकाही त्याच्या मनात होती. खरोखर जखम झालेल्या कित्येक मुलींना पुढे ‘हे तुझ्या मनाचे खेळ’ असे ऐकावे लागले. कारेन हॉर्नाय या जर्मन डॉक्टरणीने १९२० नंतर फ्रॉइडच्या पंथात राहूनच वाद घातला, की स्त्रीला हेवा वाटतो तो पुरुषाच्या देहाचा नव्हे, त्याला मिळणाऱ्या संधीचा. १९३२ साली ती अमेरिकेत गेली आणि मंदीने पोळलेल्या त्या देशात तिला अगदी वेगळ्याच काळज्या ऐकू येऊ लागल्या. समाज बदलला की मनाच्या गाठीही बदलतात, हे तिने १९३७ साली पुस्तक लिहून सांगितले.

फ्रॉइडचे स्वतःचे मतही काळाने बदलवलेच. महायुद्धात त्याचे मुलगे सैन्यात होते. जे भयंकर प्रसंग विसरावेत, तेच सैनिकांना रात्री पुन्हा पुन्हा स्वप्नात दिसत. माणूस सुखच शोधतो, असे म्हणणाऱ्या सिद्धान्तात ही स्वप्ने बसेनात. १९२० साली त्याने मृत्यूच्या ओढीची कल्पना मांडली. १९१४ पूर्वीच्या व्हिएन्नात ती सुचली असती, असे मला वाटत नाही.

हे शास्त्र हिंदुस्थानात आले तेव्हा काय झाले? १९२२ साली कलकत्त्यात डॉक्टर गिरीन्द्रशेखर बोस यांनी मनोविश्लेषणाची संस्था काढली. त्याच सुमारास एका चित्रकाराने, फ्रॉइडला न पाहताच, त्याचे काल्पनिक चित्र काढले आणि बोसांनी ते व्हिएन्नाला धाडले. फ्रॉइडने उत्तरी कळवले, की चित्र छान आहे, पण चित्रकाराने माझ्या वंशाची काही लक्षणे विचारात घेतलेली नाहीत. कलकत्त्याच्या मनातला विद्वान साहेब इंग्रजच असणार! पण बोस नुसते भक्त नव्हते. १९२९ साली त्यांनी फ्रॉइडला निक्षून लिहिले, की माझ्या रुग्णांत मुलग्याची बाईसारखे होण्याची इच्छा तुमच्या रुग्णांपेक्षा फार सहज वर येते. फ्रॉइडने सभ्यपणे ऐकून घेतले. मत काही बदलले नाही. १९३१ साली पंचाहत्तरीनिमित्त कलकत्त्याहून त्याला हस्तिदंती विष्णू भेट गेला, तो मात्र त्याने मेजावर ठेवला.

बोसांचा हा मुद्दा मी वाचला तेव्हा मला अमळनेर आठवले. आमच्या गावाहून गाडीने पूर्वेकडे निघाले, की नरडाणा, बेटावद ही स्टेशने टाकून अमळनेर येते. तिथल्या तत्त्वज्ञान मंदिरात साने गुरुजी राहिले, १९२४ ते १९३० शाळेत शिक्षक होते आणि वसतिगृहातल्या मुलांचे त्यांनी आईसारखे केले. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. व्हिएन्नाची फूटपट्टी लावणारा म्हणेल, हा तर उघड मातृगंड! पण पुस्तक नीट वाचा. त्यात ज्याचा धाक वाटावा, ज्याचा मत्सर वाटावा, असा बाप कुठे आहे? कर्जाने वाकलेला, दारात आलेल्या वसुलीच्या माणसासमोर हतबल झालेला बाप आहे. श्यामला मुक्त व्हायचे आहे ते बापापासून नव्हे. दारिद्र्यापासून आणि अपमानापासून. आणि हे तो सांगतो कोठे? परक्या सरकारच्या तुरुंगात, जिथे आई आणि मायभूमी यांच्यातले अंतर पुसले जाते. शिवाय ज्या भाषेत ज्ञानेश्वर ‘माउली’ आहेत आणि पंढरीचा विठोबा ‘विठाई’ आहे, त्या भाषेत पुरुषाने आई होणे हा विकार कसा ठरेल? तो तर सात शतकांचा आदर्श आहे.

वर्गात हा विषय निघतोच. फैजपूरला जन्मलेल्या मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ १९४२ ची. तिच्यातला संज्ञाप्रवाह समजावताना फ्रॉइड आणावा लागतो, पुढे नवकथा शिकवतानाही लागतो. एकदा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, आमच्या घरात वडील बोलतच नाहीत. बोलतात ते आजोबा. आजोबांसमोर वडिलांनी आम्हाला कधी मांडीवरसुद्धा घेतलं नाही. मग आम्ही राग धरायचा तो कोणावर?” वर्ग हसला. मी हसलो नाही. जुन्या एकत्र कुटुंबात मोठ्यांसमोर आपल्या मुलाला जवळ घ्यायचे नाही, ही रीतच होती. त्या मुलाने एका वाक्यात विचारलेला प्रश्न बोसांनी फ्रॉइडला विचारला त्याच जातीचा होता.

कोणी म्हणेल, मग फ्रॉइड खोटाच की! विलायती थेरे आपल्याला काय करायची आहेत? हेही मला मान्य नाही. विहीर अमुकच्या शेतात खणली म्हणून तिचे पाणी खोटे होत नाही. ते आपल्याला मानवते की नाही, एवढे पाहायचे असते. आपल्या घरांतही बोलू न दिलेल्या गोष्टी आजार होऊन बाहेर पडतात, हे कोणत्या डॉक्टरला ठाऊक नाही? आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी शाळेचे तोंड न पाहता मनाच्या अनावरपणाची कविता रचली, तेव्हा व्हिएन्नाचे नावही त्यांच्या कानावर नव्हते. मन आहे, ते आवरत नाही, आणि ते आपल्यापासूनच पुष्कळ लपवते, हे सत्य कोणा एका गावाचे नाही. गावाचे आहे ते त्या सत्याला दिलेले उत्तर. १९३८ साली नाझींमुळे ब्याऐंशी वर्षांच्या फ्रॉइडला व्हिएन्ना सोडावी लागली. मागे राहिलेल्या त्याच्या चार बहिणी पुढे नाझींच्या छळछावण्यांत मेल्या. त्याच १९३८ साली इटलीतल्या वंशद्वेषी कायद्यांमुळे एमिलिओ सेर्वादिओ हा मनोविश्लेषक आपल्या मुंबईला आला आणि युद्ध संपेपर्यंत राहिला. मनाच्या आतले पाहणाऱ्या या माणसांना बाहेरच्या जगाने असे उंबऱ्याबाहेर काढले. इतिहास वगळून मन समजते, असे त्यांच्यापुढे उभे राहून म्हणण्याचे धाडस मला तरी होणार नाही.

म्हणून फ्रॉइडची उत्तरे घेताना हात आखडता घ्यावा, पण त्याची एक सवय मोकळ्या मनाने घ्यावी. तो दाराला कडी लावून तासभर बसे आणि समोरच्याचे ऐके. निदान नंतर. आपण नेमके उलटे करतो. मुलगा गप्प का, हे विचारण्याआधी त्याला न्यूनगंड देऊन टाकतो. मग शिकवणीची फी थकली आहे, की वर्गात कोणी त्याच्या बोलीला हसते आहे, हे कळायचे राहून जाते. गंडाची गाठ पुष्कळदा मुलाच्या मनात नसते. घराच्या हिशेबाच्या वहीत असते.

दिवाळीत घरे भरतात. भाऊबीजेला माहेरी आलेली एखादी बहीण यंदा नेहमीसारखी हसत नाही, चकल्या तळताना मधेच थांबते, हे घरातल्या कोणाच्या तरी लक्षात येतेच. अशा वेळी ‘तिचा स्वभावच आहे तसा’ हे वाक्य तोंडावर आले तर गिळावे. जेवणे आटोपल्यावर तिला गच्चीवर न्यावे, विडा लावून द्यावा, आणि “सासरी काय चाललंय?” एवढेच विचारून गप्प बसावे. ती बोलायला वेळ लावील. लावू द्यावा.